कटला-रोहूच्या खाद्यात मासळीच्या भुकटीऐवजी शैवाल आणि सोयापेंड चालेल का?

अथणी भागातील आपल्या कृषी होंड्यात (शेततळ्यात) कटला, रोहू आणि मृगळ आहेत, मासळीची भुकटी घातलेले तयार खाद्य परवडत नाही, म्हणून त्याऐवजी स्पिरुलिना या सूक्ष्म शैवालाची पूड आणि सोयापेंड वापरावी का, असे आपण विचारले आहे. चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठी मी गेली सहा वर्षे हेच मासे वाढवीत आहे. सोयापेंड आपण अवश्य वापरावी, स्पिरुलिना मात्र विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शैवालाची चर्चा मुख्यतः सामनसारख्या मांसाहारी माशांमुळे सुरू झाली. नॉर्वेमध्ये १९९० साली सामनच्या खाद्यात सुमारे ६५ टक्के प्रथिने समुद्री मासळीची असत. २०१३ पर्यंत तो वाटा सुमारे १८ टक्क्यांवर आला आणि त्याची जागा मुख्यतः सोयाबीनसारख्या वनस्पतींनी घेतली. परंतु वनस्पतींत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले नसतात आणि सामनला ती लागतात, म्हणून टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्म शैवालाचे तेल पुढे आले. आपले कटला-रोहूसारखे गोड्या पाण्यातील कार्प मासे जवसात असणाऱ्या मेदाम्लापासून ती काही प्रमाणात स्वतःच तयार करू शकतात. स्पिरुलिनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात आणि बोटुकलीला (बोटभर लांबीच्या पिलांना) किंवा शोभेच्या माशांच्या रंगाला तिचा उपयोग होतो. पण विक्रीसाठी वाढवायच्या कटल्याला तो खर्च पेलत नाही.

सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. तिचा आणि खानापूरकडील भातगिरणीतून येणाऱ्या कोंड्याचा निम्मा-निम्मा भाग घेतला, तर मिश्रणात साधारण २८ टक्के प्रथिने पडतात आणि वाढत्या कार्पला तेवढी पुरतात. येथे एक चूक टाळावी, कारण ती मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी घरच्या सोयाबीनचे कच्चे पीठ गिरणीतून दळून आणून मी तळ्यात टाकत होतो आणि मासे खात असूनही वाढत का नाहीत, हे मला चार महिने कळले नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारा घटक असतो. तो पुरेशा उष्णतेने निकामी होतो. तेल काढण्याच्या कारखान्यातील पेंड भाजलेली असते, म्हणून ती घ्यावी. घरचे सोयाबीन वापरायचेच असेल, तर ते नीट उकडून किंवा भाजून मगच दळावे. शेंगपेंडही चालते, परंतु पावसाळ्यात तिला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते उकळल्याने जात नाही. अशी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

सोयाबीनमध्ये मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव तळ्यातील नैसर्गिक खाद्य बरीच भरून काढते, आणि शैवालाचे खरे काम येथे आहे: शैवालावर सूक्ष्म प्राणी वाढतात, ते कटला खातो, रोहू शैवाल आणि दगड-काठ्यांवरचा थर खातो, तळाशी साचलेले मृगळ खातो. आपल्या होंड्यात प्लास्टिकचा कागद असेल, तर मातीचा आधार नसल्यामुळे हे खाद्य कमी तयार होते. तेथे कुजलेले शेण थोडे-थोडे देऊन पाणी हिरवट राखावे आणि कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा जेमतेम दिसेल, इतपतच ते गडद होऊ द्यावे.

याहून गडद झाले तर धोका असतो. सोयाबीनमधील बराचसा फॉस्फरस फायटेट या संयुगाच्या रूपात असतो आणि ते माशांना फारसे पचत नसल्यामुळे तो न पचता पाण्यात उतरतो, त्यावर शैवाल अधिकच फोफावते आणि रात्री तेच शैवाल पाण्यातील प्राणवायू वापरते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद ठेवावे, शक्य असल्यास पंपाने पाणी उडवावे. एरवी माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य, छिद्रे पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगून द्यावे. संध्याकाळी पोत्यात किती उरले ते पाहून दुसऱ्या दिवशीचे माप ठरवता येते.