नट आवळण्यात शिकायचं काय असतं?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा यंदा दहावी झाला, ५८ टक्के पडले, गणितात काठावर पास. त्याला आयटीआयला प्लंबर ट्रेड घ्यायचाय आणि घरात ते कुणालाच पटत नाही. "पाना घेऊन नट आवळायचे, त्यात शिकायचं काय?" असं त्याचे बाबा म्हणतात. तुम्हालाही मनातून तसंच वाटतं, हे तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत ते बरं केलंत. पण त्याच पत्रात ओघात तुम्ही पाण्याच्या मीटरजवळच्या गळतीची हकिगत सांगितली आहे. माझं उत्तर त्या हकिगतीवरच उभं आहे.

अंगणात निळ्या पाइपचा जॉइंट ठिबकत होता. गावातल्या कारागिरानं पाइप पाना लावून तो तीनदा आवळला, तरी पाणी थांबेना. तुमच्या मुलानं चावी बंद करून जॉइंट खोलला आणि आतली काळी रबरी रिंग तुमच्या तळहातावर ठेवली. एका बाजूला तिला चीर गेली होती आणि पाइपचं टोक तिरकं कापलेलं होतं. दुकानातून नवी रिंग आणून त्यानं टोक काटकोनात कापलं, कड घासली, साबणाचं पाणी लावून पाइप तळापर्यंत सारला आणि हातानंच नट बसवला. पाणी थांबलं.

या जोडाला कॉम्प्रेशन फिटिंग म्हणतात. त्याला चिकटवायचं सोल्युशन लागत नाही आणि पाइपवर आटेही पाडावे लागत नाहीत. आत दोन वेगळी कामं चालतात. रबरी ओ-रिंग पाइपची बाहेरची भिंत आणि फिटिंगची आतली भिंत यांच्यामध्ये दाबली जाऊन पाणी अडवते. तिच्या मागची दातेरी, एका जागी मुद्दाम चिरलेली कडी पाइपला धरून ठेवते. नट पुढे सरकला की त्याचा आतला उतार या कडीला आवळतो, तिचे दाते पाइपमध्ये रुततात आणि पाण्याच्या दाबानं पाइप निसटत नाही. म्हणजे नटाचे आटे पाणी अडवतच नाहीत, ते फक्त दाब देतात. त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे मी पुष्कळ पाहिलेत. तो टेप वाया जातो. आणि धारदार टोकानं रिंग कापली गेली असेल, तर कितीही आवळलं तरी चीर सांधत नाही. कारागिरानं जोर लावला, तुमच्या मुलानं कारण शोधलं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, कुणी न शिकवता.

तांब्याच्या नळीवर हाच प्रकार रबराशिवाय चालतो. ब्रिटनमधल्या घरांत १५ मिमीच्या तांब्याच्या नळ्या सर्रास असतात. तिथे पितळेची छोटी रिंग असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. नट तिला फिटिंगच्या उतरत्या तोंडात ढकलतो, ती आकसून नळीवर घट्ट बसते आणि धातूवर धातू दाबून पाणी अडतं. फार आवळलं तर नळीच चेपते आणि गळती उलट वाढते. दोन पाने लागतात, एकानं फिटिंग धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा, नाहीतर सगळी नळीच पिळवटते. आपल्याकडे घरात याच कुळातली जोडणी दिसते ती कंपोझिट पाइपवर, म्हणजे दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनिअम असलेल्या पाइपवर. दुकानात '१२१६' मागतात तोच, आतून १२ मिमी आणि बाहेरून १६.

आता बाबांना हे जरूर सांगा. तारापूर, कुरकुंभ, लोटे इथल्या केमिकल कारखान्यांत स्टीलच्या बारीक नळ्यांवर दोन रिंगांच्या अशाच फिटिंग्ज असतात. नेहमीच्या मापांना नियम असा, की नट बोटांनी घट्ट झाला की पान्यानं सव्वा फेरा द्यायचा. फिटर नटावर पेननं खूण करतो आणि खूण पाहून फेरा मोजतो. कमी झाला तर गळती, आणि त्या नळीत पाणीच असेल असं नाही. नट आवळण्यात शिकायचं असतं ते हे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, त्याला आयटीआयला घाला. प्लंबर ट्रेड १ वर्षाचा आहे. त्यात ड्रॉइंग आणि कामापुरतं गणितही असतं. ते त्यानं टाळू नये. टाकी १० मीटर उंचावर असेल तर खाली नळाला साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो, असं गणित त्याला रोज लागेल, आणि मला वाटतं असं गणित त्याला जमेल. पुढे अप्रेंटिसशिप करावी. कारखान्याची ओढ वाटली तर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची उपकरणं सांभाळण्याचा, हा २ वर्षांचा ट्रेडही विचारात घ्या. अर्ज भरण्याआधी दोन्ही वर्कशॉप त्याला दाखवा.

कष्ट आहेत, ते लपवत नाही. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद पोकळीत, आडवं पडून काम, तुंबलेल्या लाइनी, सुरुवातीला तुटपुंजे पैसे, ठेकेदाराकडे अडकणारी बिलं. पण हा धंदा हलका आहे असं मला वाटत नाही. ओडिशातल्या केंद्रापडा जिल्ह्यातले प्लंबर देशभरातल्या शहरांत मोठमोठी कामं करतात, आणि त्याच जिल्ह्यात पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. तिथे घरं या कामावर उभी राहिली आहेत.

आयटीआय निवडताना फक्त घरापासूनचं अंतर पाहू नका. वर्कशॉपमध्ये जा आणि मुलं स्वतः पाइप कापतायत की सर फळ्यावर चित्र काढतायत, ते बघा. भंगारात वाया गेलेल्या पाइपचे तुकडे पडलेले दिसले तर ती चांगली खूण समजा. बाबांनाही सोबत न्या. ती कापलेली रिंग अजून असेल तर मुलाला ती खिशात घेऊन यायला सांगा आणि तिथल्या सरांना दाखवू दे. ते त्याच्याशी कसं बोलतात, त्यावरून तिथे प्रवेश घ्यायचा की नाही ते ठरवा.