सासूबाई हॉस्पिटलमध्ये रात्रभर जागतात. डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागावी का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ७६ वर्षांच्या, ठाण्यात आठवडाभर दाखल आहेत, रात्री टक्क जाग्या आणि दिवसा पेंगतात. गोळी मागू नका. आमच्याकडे ती मागितली होती, म्हणून एवढं लिहितेय.

२०२२ च्या पावसाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. वय ८१, घर नौपाड्यात, हॉस्पिटल घोडबंदर रोडला. सोमवारी दाखल केलं. सहा खाटांचा वॉर्ड, रात्री एकपर्यंत ट्यूबलाइट, दोनला बीपी, चारला रक्त, पाचला स्पंज. बुधवारी रात्री अण्णांनी सलाइनची सुई उपसली. "भोंगा झाला, फर्स्ट शिफ्ट आहे माझी," म्हणत खाटेवरून उतरायला लागले. वागळे इस्टेटमध्ये ३३ वर्षं नोकरी केलेला माणूस!

दादा घाबरला. ड्यूटी डॉक्टरांना म्हणाला, "काहीतरी देऊन झोपवा यांना." दिलं. गुरुवारी दुपारी अण्णा भरवलेली पेज तोंडात तशीच धरून झोपत होते; न्यूमोनियाच्या माणसाला ठसका लागला असता तर? रात्री पुन्हा गोळी, पुन्हा तोच गोंधळ, आणखी जोरात. मग हात बँडेजने रेलिंगला बांधले. शुक्रवारी सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा मनगटांवर वळ होते आणि दादा बाहेर फोनवर सांगत होता, "अण्णांना वेड लागलंय."

वेड नव्हतं, डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात मेंदूचा उडणारा गोंधळ. तो अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, रात्री चढतो. जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, दुखणं, नवी औषधं, यातलं काहीही त्याला पुरतं. झोप मोडली की तो वाढतो आणि तो वाढला की झोप मोडते. झोपेसाठी देतात त्या अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला आणखी गोंधळात टाकतात, पाडतात. ६५ नंतर टाळायच्या औषधांची अमेरिकेत बिअर्स यादी आहे, त्यात त्या आहेत.

हे मला शुक्रवारी रात्रपाळीच्या सिस्टरने समजावलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "आजोबांचं कानाचं मशीन कुठंय?" घरी, कपाटात. हरवेल म्हणून दादानेच चष्म्यासकट घरी ठेवायला लावलं होतं. म्हणजे पाच दिवस अण्णांना ना धड दिसत होतं, ना ऐकू येत होतं, आणि अनोळखी माणसं अंधारात येऊन सुया टोचत होती.

मशीन आणि चष्मा आणला. मोठ्या डॉक्टरांना विचारून गोळी बंद झाली, संध्याकाळची लघवीची गोळी दुपारी दोनला आली, रात्री दोनचा बीपी वगळला. दिवसा पडदा उघडा, खुर्चीत बसवून जेवण, दुपारी अर्ध्या तासाहून जास्त झोपू द्यायचं नाही. रात्री कोमट दूध आणि पाठीला तेलाचा हात. शनिवारी रात्री साडेदहा ते तीन झोपले.

हे घरगुती खूळ नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास छापला. चष्मा, मशीन, पाणी, चालवणं आणि रात्री गरम पेय, पाठ चोळणं, वॉर्डात शांतता, अशी काळजी घेतलेल्यांत ९.९ टक्क्यांना डिलिरियम झाला, बाकीच्यांत १५ टक्क्यांना.

सासूबाई पेंगतात म्हणता, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. गप्प पडून राहणारा डिलिरियमही असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. आणि हो, त्या घरी वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत असतील तर ती एकदम बंद करू नका. तसं डॉक्टरांना आजच सांगा. मी डॉक्टर नाही. सुया उपटण्याइतकी धोक्याची वेळ आली तर थोड्या वेळापुरतं औषध लागूही शकतं, पण ते त्यांनी ठरवायचं, घाबरलेल्या मुलाने नव्हे.

दादा अजून म्हणतो, "त्या दोन गोळ्यांनीच अण्णा मार्गावर आले." गोळी शुक्रवारी बंद झाली, अण्णा शनिवारी झोपले. डिस्चार्जच्या आधी औषधांच्या चार्टचा फोटो काढून ठेवलाय मी. तो म्हणेल तेव्हा दाखवीन.