वॉशिंग्टन हे आडनाव मूळ कुठलं? आणि जॉर्ज वॉशिंग्टन गोरे होते तर डेन्झेल वॉशिंग्टन, केरी वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीय कलाकार त्यांचे कोण लागतात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. निव्वळ आडनाव एक आहे एवढ्यावरून कुणीही कुणाचं काही लागत नाही. आपल्याकडे कसं, नवीन माणूस भेटला की "कुठले जोशी? चिपळूणचे का?" इथून सुरुवात होते आणि दहा मिनिटांत लांबची आत्या निघते, तो हिशोब इथे लावलात तर फसाल. का ते सांगायला मात्र साडेआठशे वर्षं मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

मला हे कसं माहीत तर मी कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं इंग्लंडच्या ईशान्येला सन्डरलंडला होतो. तिथे बसवर 'वॉशिंग्टन' अशी पाटी बघितली आणि हसूच आलं. आईला फोनवर म्हटलं शनिवारी वॉशिंग्टनला चाललोय, तर तिने अख्ख्या बिल्डिंगमध्ये सांगून टाकलं की पोरगा अमेरिकेला गेला. गाव तसं काही बघण्यासारखं नाही हो, एकेकाळी कोळशाच्या खाणींचं गाव, मग १९६४ मध्ये सरकारने 'न्यू टाऊन' म्हणून नव्याने आखलं, त्यामुळे सगळीकडे गोल चौक, गोदामं आणि मधोमध एक मॉल. पण जुन्या भागात चर्चच्या शेजारी 'वॉशिंग्टन ओल्ड हॉल' म्हणून एक दगडी वाडा आहे, आणि सगळ्या जगातल्या वॉशिंग्टनांचं आडनाव निघालं ते याच जागेवरून.

नावाची फोड साधारण अशी करतात की 'वास्सा' नावाचा कोणी जुना अँग्लो-सॅक्सन माणूस, 'इंग' म्हणजे त्याची माणसं, आणि 'टन' म्हणजे वस्ती. म्हणजे आपल्या भाषेत वास्साच्या माणसांची वाडी. इंग्लंडमध्ये 'टन'ने संपणारी गावं आपल्याकडच्या वाड्यांइतकी पैशाला पासरी आहेत, आणि वॉशिंग्टन नावाचं दुसरं एक गाव पार दक्षिणेला ससेक्समध्येही आहे, पण त्याचा या घराण्याशी संबंध नाही.

आता गंमत ऐका. ज्या माणसापासून हे आडनाव सुरू झालं तो मुळात वॉशिंग्टनचा नव्हताच! त्याचं नाव विल्यम डी हार्टबर्न. नॉर्मन लोकांच्या बोलीतला हा 'डी' म्हणजे आपला 'कर', म्हणजे विल्यम हार्टबर्नकर. बाराव्या शतकाच्या शेवटी त्याने डरहमच्या बिशपशी गावांची अदलाबदल केली, हार्टबर्न सोडलं आणि वॉशिंग्टन घेतलं. बिशपच्या जमिनींची एक मोठी मोजणी ११८३ मध्ये झाली होती, तिच्या दप्तराला 'बोल्डन बुक' म्हणतात, त्यात याची नोंदच आहे की विल्यमकडे चर्च सोडून बाकी वॉशिंग्टन आहे, त्याबद्दल त्याने ४ पौंड द्यायचे आणि बिशपची मोठी शिकार निघाली की ४ ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर व्हायचं. गाव बदललं तसं आडनाव बदललं, हार्टबर्नकरांचे वॉशिंग्टनकर झाले. त्या वेळी हे अगदी नॉर्मल होतं, इंग्लंडमध्ये आडनावं बापाकडून पोराकडे तशीच्या तशी जायला लागली ती हळूहळू, चौदाव्या शतकापर्यंत कुठे ती पक्की होत गेली. तेव्हा हा गडी हार्टबर्नलाच थांबला असता तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज हार्टबर्न असतं. इंग्लिशमध्ये छातीतल्या जळजळीलाही हाच शब्द आहे, स्पेलिंग थोडं वेगळं एवढंच, म्हणजे बघा, अॅसिडिटी, डी.सी. वाचले बिचारे.

मूळ गावातली शाखा काही फार टिकली नाही, साधारण १४०० च्या आसपास मुलीकडून ती इस्टेट दुसऱ्या घराण्यात गेली. घराण्यातला म्हणून ओळखला जाणारा एक जॉन मात्र डरहमच्या मोठ्या मठाचा प्रमुख झाला, १४१६ ते १४४६ अशी ३० वर्षं. धाकटी पाती आधीच पश्चिमेला सरकली होती, लँकशरमध्ये वॉर्टन गावी. तिथल्या चर्चच्या बुरुजाच्या दगडात या घराण्याचं चिन्ह कोरलेलं सापडलंय, दोन आडवे पट्टे आणि वर तीन चांदण्या. हे चिन्ह पाहिल्यासारखं वाटतंय ना? पांढऱ्यावर लाल पट्टे आणि लाल चांदण्या, १९३८ पासून वॉशिंग्टन डी.सी. शहराचा झेंडा म्हणजे हेच चिन्ह. (अमेरिकेचा राष्ट्रध्वज पण यावरूनच घेतला असं लोक छातीठोकपणे सांगतात, त्याला काही भक्कम पुरावा नाही.)

वॉर्टनमधून पुढे लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा माणूस लोकरीच्या धंद्यात शिरला आणि नॉर्थॅम्प्टनला आला. हुशार होता. १५३२ आणि १५४५ असा दोनदा तिथला मेयर झाला. मधल्या काळात आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या होत्या, त्यात याने १५३९ मध्ये सल्ग्रेव्ह गावची जमीन ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला उचलली आणि तिथे घर बांधलं. ते घर अजून उभं आहे, बघायला मिळतं. म्हणजे लोकर विकून जमीनदार, आणि मग दोन-तीन पिढ्यांत नेहमीप्रमाणे उतरती कळा.

या लॉरेन्सच्या वंशात पुन्हा एक लॉरेन्स (या घरात नावांचा तुटवडा होता, सगळे लॉरेन्स नाहीतर जॉन नाहीतर रॉबर्ट, वंशावळ वाचताना डोकं दुखतं). हा ऑक्सफर्डला ब्रेझनोज कॉलेजात फेलो होता, १६३३ मध्ये एसेक्समधल्या पर्ले गावचा पाद्री झाला, चांगली मिळकतीची जागा होती. तेवढ्यात राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलं आणि हा पडला राजाच्या बाजूचा. १६४३ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी त्याला काढून टाकलं, कारण काय दिलं तर म्हणे सारखा दारूच्या गुत्त्यात बसतो. खरं खोटं देव जाणे, विरोधी पार्टीच्या माणसावर असा आळ घ्यायची पद्धत तेव्हाही होतीच. लॉरेन्स १६५३ च्या सुरुवातीला गरिबीतच गेला, दोन वर्षांत बायको अँफिलिसही गेली.

त्यांचा थोरला मुलगा जॉन. बापाची नोकरी गेलेली, घरात काही उरलेलं नाही, तर तो तंबाखूच्या व्यापारात एका जहाजावर अधिकारी म्हणून चढला. जहाजाचं नाव 'सी हॉर्स', समुद्रघोडा. १६५७ च्या सुरुवातीला व्हर्जिनियातून तंबाखू भरून परत निघताना हे घोडं अक्षरशः अडलं, पोटोमॅक नदीत रुतून बसलं. जहाज पुन्हा तरंगतं करेपर्यंत जॉनची ओळख तिथल्या नॅथॅनियल पोप नावाच्या बड्या जमीनदाराशी झाली, आणि त्याच्या मुलीशीही. जॉनने इंग्लंडला परत जायचा बेत रद्द केला. जहाजाच्या मालकाशी पैशांचा वाद होता, त्यातही सासरा मदतीला आला, शिवाय ८० पौंड उसने दिले आणि १६५८ मध्ये लग्न झाल्यावर ७०० एकर जमीन. असा घरजावई व्हायला कुणालाही आवडेल. याच जॉनचा पणतू म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन, जन्म १७३२. म्हणजे ज्या नावाचा आज एवढा दबदबा आहे ते अमेरिकेत राहिलं त्यात नदीतल्या गाळाचा मोठा हातभार आहे.

खुद्द जॉर्जसाहेबांना यातलं फारसं माहीत नव्हतं बरं का. १७९२ मध्ये लंडनहून सर आयझॅक हर्ड या वंशावळीच्या सरकारी अधिकाऱ्याने त्यांना घराण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं की या विषयाकडे मी फारच कमी लक्ष दिलंय. पर्लेच्या पाद्र्यापर्यंतचा धागा नीट जुळला तो १८८९ मध्ये, हेन्री वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने इंग्लंडमधली मृत्युपत्रं नि जुने कागद उपसून काढले तेव्हा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक निघाले आणि त्यातले ९० टक्के कृष्णवर्णीय! गोरे जेमतेम ५ टक्के. लोक लगेच म्हणतात की हे सगळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या गुलामांचे वंशज. मलाही आधी तसंच वाटायचं, पण हिशोब बसत नाही. जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. १७९९ मध्ये त्याच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते, त्यातले त्याच्या मालकीचे १२३, बाकी बरेचसे बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. आणि या लोकांनी मालकाचंच आडनाव लावलं असंही नाही. जॉर्जसोबत सगळ्या स्वातंत्र्ययुद्धात सावलीसारखा असलेला त्याचा खास नोकर विल्यम, तो स्वतःला ली म्हणवायचा, कारण आधी तो ली घराण्याकडे होता. जॉर्जच्या मृत्युपत्राने ताबडतोब सुटका झालेला तो एकटाच, वर वर्षाला ३० डॉलर. पण आडनाव लीच राहिलं. गुलामांना आडनावं नव्हती असं जे म्हणतात तेही तितकंसं खरं नाही, पुष्कळांची आपसात होती, मालकाच्या वहीत नव्हती एवढंच.

खरी लाट आली १८६५ नंतर. गुलामी संपली, आता मजुरीचा करार करायचा, शाळेत नाव घालायचं, लग्न नोंदवायचं, तर पूर्ण नाव पाहिजे. १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा दक्षिणेतल्या या सगळ्या लोकांची नावानिशी नोंद झाली. कुणी जुन्या मालकाचं घेतलं, कुणी मुद्दाम टाळलं, आणि अनेकांनी सरळ देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं आडनाव घेतलं. का, याची कारणं माणसागणिक वेगळी असणार. एकाची गोष्ट तरी त्याने स्वतः लिहून ठेवलीय. बुकर टी. वॉशिंग्टन, १८५६ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्म, पुढे टस्कीगीची प्रसिद्ध शिक्षणसंस्था यांनीच नावारूपाला आणली. शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तर हजेरी घेतायत, बाकीच्या पोरांना निदान दोन-दोन नावं, याला नुसतं 'बुकर'. याचा नंबर येईपर्यंत पोराने ठरवून टाकलं, आणि मास्तरांनी विचारल्यावर जणू जन्मापासून तेच नाव असल्यासारखं शांतपणे सांगितलं, "बुकर वॉशिंग्टन". सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, आडनाव फर्ग्युसन. आईने मागेच 'टॅलिआफेरो' असं दुसरं नाव ठेवलं होतं हे त्याला नंतर कळलं, म्हणून मधला 'टी'. गायिका डायना वॉशिंग्टनचं तर जन्मनाव रूथ जोन्स, वॉशिंग्टन हे स्टेजवरचं नाव. म्हणजे एकच आडनाव, पण आत यायचे दरवाजे किती.

पण मला सगळ्यात आवडतो तो हॅरी वॉशिंग्टन, याच्यावर एक वेगळं उत्तर लिहायला पाहिजे खरं तर. जन्म आफ्रिकेत, गॅम्बिया नदीच्या भागात. गुलाम म्हणून व्हर्जिनियात आणला, १७६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने विकत घेतला. १७७६ मध्ये, म्हणजे मालक तिकडे स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी लढतोय तेव्हा हा पळून त्याच इंग्रजांना जाऊन मिळाला, कारण तुम्ही बंडखोर मालकाला सोडून या, तुम्हाला मोकळं करू असं इंग्रजांनी जाहीर केलं होतं. युद्ध इंग्रज हरले. १७८३ मध्ये न्यूयॉर्कमधून जाणाऱ्या अशा लोकांची यादी झाली, त्यात याची नोंद आहे, वय ४३, आधी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा. तिथून कॅनडात नोव्हा स्कोशिया, थंडी आणि खडकाळ जमीन, आणि १७९२ मध्ये पुन्हा जहाज, यावेळी सिएरा लिओन, फ्रीटाऊन. म्हणजे डरहमच्या बिशपच्या गावाचं नाव लावून माणूस आफ्रिकेत परत पोचला! तिथेही गप्प बसला नाही, जमिनीवरच्या करावरून १८०० मध्ये तिथल्या सिएरा लिओन कंपनीच्या सरकारविरुद्ध उठाव झाला त्यात हा सापडला आणि तडीपार झाला. मालकाने बंड केलं तर राष्ट्रपिता, याने केलं तर तडीपार, असो.

ओल्ड हॉलचं पुढे काय झालं ते राहिलंच. एकोणिसाव्या शतकात त्याची चाळ झाली होती, एकेका खोलीत एकेक कुटुंब. १९३६ मध्ये राहायला अयोग्य म्हणून पाडायलाच काढला होता, तो एका स्थानिक शाळामास्तरांनी खटपट करून वाचवला. १९७७ मध्ये जिमी कार्टर येऊन झाड लावून गेले. दर ४ जुलैला तिथे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन साजरा करतात, इंग्लंडमध्ये! मी गेलो तेव्हा आम्ही मोजून पाच जण होतो आणि केक छान होता.

आणि कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच म्हणून आत्ताच सांगतो, आपला वॉशिंग्टन सुंदर. त्याचे वडील चेन्नईत क्रिकेट खेळायचे, घरची परिस्थिती बेताची. जवळच राहणारे वॉशिंग्टन नावाचे एक निवृत्त लष्करी गृहस्थ त्यांना शाळेची फी, युनिफॉर्म, पुस्तकं सगळं घेऊन द्यायचे, सायकलवर मागे बसवून ग्राउंडवर न्यायचे. ते १९९९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी सुंदरच्या घरी मुलगा झाला, नाव ठेवलं वॉशिंग्टन. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गहुंज्याला त्याने न्यूझीलंडचे ५९ रनांत ७ गडी काढले, मी होतो स्टेडियमवर. मागच्या रांगेतले एक काका शेजाऱ्याला ठासून सांगत होते की हा अमेरिकेत जन्मलाय म्हणून हे नाव. मी न राहवून मागे वळलो, म्हटलं काका थांबा, सगळं सांगतो, अगदी ११८३ पासून, आणि विल्यम हार्टबर्नकरापर्यंत पोचायच्या आत पुढचा त्रिफळा उडाला.