छोट्या बास्केटबॉल लीगचा संघ विकत घ्यावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अमेरिकेत एनबीए या सगळ्यात मोठ्या लीगच्या खाली बऱ्याच छोट्या व्यावसायिक बास्केटबॉल लीग आहेत आणि त्यांतल्या काहींचे संघ अक्षरशः फोनवर विकले जातात. तिथल्या मराठी कुटुंबांपर्यंतही हे फोन पोचू लागल्याचं आलेल्या पत्रांवरून दिसतं. प्रश्न पैशांचे आहेत, म्हणून उत्तरं स्पष्ट देतो.

आम्ही तिघे मित्र आयटीत आहोत. एका लीगचा माणूस म्हणतो, तुमच्या भागाचं ‘मार्केट’ अजून मोकळं आहे, पंधरा हजार डॉलर भरा, ते तुमचं. महिनाअखेरीला दर दुप्पट होणार आहे. एनबीएचे संघ अब्जावधींना विकले जातात, मग एवढी जोखीम घ्यायला काय हरकत आहे? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

पंधरा हजारांत हातात काय येतं ते आधी कागदावर लिहून काढा. तुमच्या भागात लीगचं नाव आणि चिन्ह वापरायची परवानगी, एवढंच. खेळाडू, हॉल, पंच, प्रशिक्षक, विमा, बस हे सगळं त्यानंतर तुमच्या खिशातून. विक्रेता ‘संघ’ म्हणतो, पण तुम्ही सही कराल त्या दिवशी संघ नावाची वस्तू अस्तित्वातच नसेल.

एनबीएशी तुलना हा या विक्रीतला सगळ्यात जुना डाव आहे. बोस्टन सेल्टिक्सच्या विक्रीचा करार २०२५ मध्ये ६.१ अब्ज डॉलर या किमतीवर झाला, हे खरं. पण ती किंमत येते कुठून? एनबीएच्या ताज्या टीव्ही करारात अकरा वर्षांचे सुमारे ७६ अब्ज डॉलर आहेत, आणि ते वाटून घ्यायला संघ फक्त तीस. छोट्या लीगला टीव्हीचा पैसा नाही आणि संघांच्या संख्येला मर्यादाही नाही. आज तुम्हाला एडिसन विकलं, तर पुढच्या महिन्यात न्यू ब्रन्सविक दुसऱ्याला विकायला कोण अडवणार? करारात तुमच्या हद्दीची व्याख्या मैलांत लिहिलेली आहे का, ते आधी बघा.

आता हिशेब. आकडे मी समजायला सोपे घेतोय, तुमच्या गावचे टाकून बघा. समजा घरचे चौदा सामने आहेत आणि दर सामन्याला दहा डॉलरची चारशे तिकिटं खपली, म्हणजे ४,००० डॉलर. हॉलचं भाडं १,५००, तीन पंचांचे ६००, सुरक्षा, गुणलेखक, साफसफाई धरून ७००. उरले १,२००. चौदा सामन्यांचे १६,८००. दहा खेळाडूंना सामन्याला शंभर डॉलर द्यायचे म्हटले तर अठ्ठावीस सामन्यांचे २८,०००. बाहेरगावच्या चौदा फेऱ्या, गाड्या, खोल्या, जेवण प्रत्येकी २,००० धरलं तरी आणखी २८,०००. खड्डा पडला ३९,२०० डॉलरचा, आणि यात प्रशिक्षक, विमा, जाहिरात, कपडे अजून आलेलेच नाहीत. हा खड्डा स्थानिक स्पॉन्सर भरणार. म्हणून तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे: तुमच्या गावातला दंतवैद्य, कार डीलर, किराणावाला मिळून साठ-सत्तर हजार डॉलर देतील का? सही करण्याआधी त्यांच्याकडून लेखी होकार आणता आला तर पुढे बोला.

शिवाय हे चारशे प्रेक्षक तिकीट काढून आलेले हवेत. फुकट पासांनी हॉल भरतो, गल्ला भरत नाही.

राहिली महिनाअखेरची मुदत. ती ओलांडून पुढच्या महिन्यात फोन करा. जुनाच दर ‘खास तुमच्यासाठी’ परत मिळाला, तर त्या दरवाढीबद्दल जे कळायचं ते कळेल.

संघ बंद पडले तर लीगचंही नुकसानच ना? मग कोणालाही संघ विकण्यात लीगला काय फायदा? — एक वाचक, कोथरूड, पुणे

लीगचं उत्पन्न कुठून येतं यावर ते ठरतं. तिकिटांतून, प्रसारणातून, मोठ्या स्पॉन्सरकडून येत असेल तर संघ बुडाला की लीगही बुडते. प्रवेश शुल्क हेच मुख्य उत्पन्न असेल तर हिशेब उलटा होतो. बंद पडलेला संघ म्हणजे पुन्हा मोकळं झालेलं मार्केट, तेच गाव परत विकता येतं. अशा लीगचा गिऱ्हाईक प्रेक्षक नसतो, संघमालक असतो. मला या धंद्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं आहे. लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची मूळ एबीए (अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, एनबीएची तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग) १९६७ ते १९७६ चालली. तेच नाव आणि तोच चेंडू घेऊन जो न्यूमन आणि डिक टिंकम यांनी इंडियानापोलिसहून नवी एबीए उभी केली. २०००-०१ च्या पहिल्या हंगामात आठ संघ होते. पुढे प्रवेश शुल्क दहा-वीस हजार डॉलरच्या घरात आलं आणि संघांची यादी फुगत गेली. घोषणा झालेले कितीतरी संघ एकही सामना न खेळता गेले, कितीतरी हंगामाच्या मध्यावर बंद पडले. पाहुणा संघ आलाच नाही म्हणून सामने रद्द व्हायचे, आणि हंगाम संपताना सगळ्या संघांचे सामने सारखे झालेले नसायचे.

याची झळ नीट चालवणाऱ्यांनाही बसते. व्हरमाँट फ्रॉस्ट हीव्हज हा संघ क्रीडा पत्रकार अलेक्झांडर वुल्फ यांनी २००६ मध्ये काढला. गावाला त्यांनी खरोखर सोबत घेतलं, प्रशिक्षक निवडतानासुद्धा चाहत्यांचं मत घेतलं. बॅरी गावच्या जुन्या सभागृहात सामने व्हायचे. २००७ आणि २००८, लागोपाठ दोन वर्षं एबीएचं विजेतेपद मिळालं. नंतर त्यांनी ती लीग सोडली, दुसऱ्या लीगमध्ये गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये भर हंगामात संघ बंद झाला. विजेतेपदं, प्रेमळ गाव, जाणकार मालक हे सगळं असूनही. तुमच्या घरच्या सामन्याचं तिकीट विकलं जातं ते समोरचा संघ येणार या भरवशावर, आणि समोरच्या संघाच्या खिशावर तुमचा काडीचाही ताबा नसतो.

म्हणून लीगकडे एकच यादी मागा: तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात कोणते संघ होते आणि त्यांतले आज किती खेळताहेत. मग त्यांतल्या बंद पडलेल्या मालकांना स्वतः फोन करा. लीगने दिलेल्या ‘समाधानी’ मालकांचे नंबर बाजूला ठेवा.

आम्हाला सांगितलंय की दोन-तीन वर्षं संघ चालवला की एनबीएचा एखादा संघ तो विकत घेतो. असं कधी झालंय का? — एक वाचक, कोलंबस, ओहायो

झालंय, आणि म्हणूनच ही थाप इतकी पचते. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावचा डकोटा विझर्ड्स हा संघ १९९५ पासून एकेक लीग बदलत टिकून राहिला, २००६ मध्ये एनबीएच्या स्वतःच्या छोट्या लीगमध्ये, डी-लीगमध्ये (आताची जी-लीग) आला. २०११ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी तो विकत घेतला आणि पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात सँटा क्रूझला नेला. फोर्ट वेनचा मॅड अँट्स हा संघ स्थानिक गुंतवणूकदारांचा होता, तो २०१५ मध्ये इंडियाना पेसर्सनी घेतला. पण विकले गेले त्या वेळी हे दोन्ही संघ एनबीएच्या स्वतःच्या लीगमध्ये होते. बाहेरच्या कुठल्याही लीगचा परवाना तुम्हाला त्या रांगेत उभं करत नाही. आता तर जी-लीगचे जवळपास सगळे संघ एनबीए संघांच्याच मालकीचे आहेत. नवा हवा असेल तर ते स्वतः काढतात.

विक्रेते १९७६ ची गोष्टही सांगतील. तेव्हा एबीएचे चार संघ एनबीएत गेले: डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि सॅन अँटोनिओ. सेंट लुइसचे मालक सिल्ना बंधू एनबीएत जाऊ शकले नाहीत, पण त्यांनी त्या चारही संघांच्या टीव्ही उत्पन्नातला सातवा हिस्सा कायमचा लिहून घेतला आणि २०१४ च्या तडजोडीत त्यांना सुमारे ५० कोटी डॉलर मिळाले. गोष्ट खरी आहे. फक्त त्या एबीएकडे ज्युलियस अर्व्हिंगसारखे खेळाडू होते आणि एनबीएला ते हवे होते. तुमच्या लीगकडे एनबीएला हवं असं काय आहे?

उलट उदाहरण कोणी सांगत नाही. कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन १९४६ पासूनची, एनबीएपेक्षा काही आठवड्यांनी मोठी. एनबीएचे पुढे गाजलेले प्रशिक्षक फिल जॅक्सन तिथेच घडले, १९८४ मध्ये त्यांच्या ऑल्बनी संघाने ती जिंकली होती. एनबीएचे माजी खेळाडू आयझाया थॉमस यांनी १९९९ मध्ये अख्खी लीग सुमारे एक कोटी डॉलरला घेतली. फेब्रुवारी २००१ मध्ये ती मोडली, आणि त्याच वर्षी एनबीएने स्वतःची डी-लीग सुरू केली. पन्नास वर्षांहून जुन्या लीगची ही गत झाली, तर तुमच्या दोन-तीन वर्षांचं गणित कशाच्या जोरावर मांडणार?

लीगच्या माहितीपत्रकात एनबीएच्या माजी खेळाडूंची नावं आहेत. त्याने विश्वास वाढतो ना? — एक वाचक, डॅलस

तिकिटं वाढतात, काही दिवस. डेनिस रॉडमन २००४ मध्ये लाँग बीच जॅमकडून खेळला, तेव्हा लोक आले. पण त्या नावाचा मालकी हिस्सा आहे, की फक्त फोटोचं मानधन, एवढं विचारा.

मला एका लीगमध्ये ‘मार्केट डेव्हलपमेंट’ची नोकरी मिळतेय. पगार थोडा, बाकी कमिशन. मी शाळेत असताना बास्केटबॉल खेळलोय. घेऊ का? — एक वाचक, शिकागो

विक्रीचं काम वाईट नाही. तुमच्यासारख्या खेळावर जीव असलेल्या माणसाची तिथे गरजही आहे. पण तुम्हाला जी यादी हातात देतील ती बारकाईने पाहा. त्यात माजी खेळाडू असतील, शाळेचे प्रशिक्षक असतील, एखादा पाद्री असेल, निवृत्तीचे पैसे नुकते हातात आलेला माणूस असेल. यांना नफा विकला जात नाही, ‘संघमालक’ ही ओळख विकली जाते. गावात पत्रकार परिषद, नावाचा टी-शर्ट, पोरांसाठी काहीतरी केल्याचं समाधान. यातलं काहीच खोटं नाही, आणि म्हणूनच नाही म्हणणं त्यांना जड जातं. माझ्यासमोर हिशेबाची वही घेऊन बसलेले असे प्रशिक्षक मी पाहिलेत. घर गहाण टाकलेलं असतं, आणि तरी त्यांना काळजी असते ती खेळाडूंच्या थकलेल्या पैशांची.

मुलाखतीत एकच विचारा: कमिशन कधी मिळतं? सहीच्या दिवशी पूर्ण मिळत असेल तर नोकरी घेऊ नका, कारण तो संघ उभा राहिला की नाही याच्याशी तुमच्या पगाराचं काही नातं नसेल. निम्मं तरी संघाने पहिला हंगाम पुरा केल्यावर देणारी लीग असेल तर जरूर घ्या. अशी लीग गिऱ्हाईकाकडे बँकेची हमी मागते, हॉलचा करार बघते, आणि प्रसंगी पैसे घ्यायला नकार देते. तुम्हाला कोणाला नाही म्हणण्याचा अधिकार असेल का, तेही विचारून घ्या.

माझ्या एका खेळाडूला अमेरिकेतल्या छोट्या लीगच्या संघाकडून ‘ट्रायआउट’चं, म्हणजे निवड चाचणीचं, पत्र आलंय. दोनशे डॉलर शुल्क आहे, शिवाय तिकीट-राहणं आपलं. पाठवू का? — एक प्रशिक्षक, नागपूर

संघ विकत घेणाऱ्याला पैसे परत मिळवायचे असतात, आणि ट्रायआउटचं शुल्क हा त्यातला सगळ्यात सोपा मार्ग. साठ मुलं आली तर बारा हजार डॉलर जमतात, घ्यायचा असतो एखादा. सतनाम सिंगला २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) डॅलस मॅव्हरिक्सनी बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं आणि मग तो टेक्सास लेजेंड्सकडून खेळला, पण तो आधी पाच वर्षं फ्लोरिडातल्या अकादमीत शिकला होता आणि लेजेंड्स हा मॅव्हरिक्सचाच जोडसंघ होता. पाकिटातून आलेल्या पत्रावर तो गेला नव्हता.

संघाला इंग्रजीत तीन ओळी लिहा: निवड झाली तर व्हिसाचा अर्ज कोण करणार, मागच्या हंगामात किती परदेशी खेळाडूंना तुम्ही व्हिसा मिळवून दिलात, आणि दर महिन्याचा पगार किती. पर्यटक व्हिसावर पगार घेऊन खेळता येत नाही, हे मुलाच्या वडिलांनाही आजच सांगा. आठवडाभरात तिन्हींची लेखी उत्तरं आली नाहीत, तर तेच पैसे मुलाच्या फिजिओवर आणि आहारावर घाला, आणि राष्ट्रीय स्पर्धेची तयारी चालू ठेवा.