वाचक विचारतात : दुर्बिणीच्या कड्यांवर कॅमेरा

प्रश्न : माझ्याकडे 150 मिमी व्यासाची, 750 मिमी फोकल लेंथची न्यूटनियन (आरशाची) दुर्बीण आहे, विषुववृत्तीय माउंटवर, म्हणजे ताऱ्यांच्या मागे फिरणाऱ्या आधारावर. नळी धरणाऱ्या दोन कड्यांपैकी एकीच्या डोक्यावर कॅमेऱ्याचा स्क्रू आहे, दुसरीला नुसतंच आट्यांचं भोक. त्यात बाजारातला 6 मिमीचा बोल्ट तीन फेरे गेला आणि अडकला. मला वर डीएसएलआर बसवायचाय आणि पुढेमागे गाइडिंगची (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारायची) छोटी दुर्बीणही. भोकात नवे आटे पाडून घेऊ, की सरळ नळीलाच भोकं पाडू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आधी तो बोल्ट उलटा फिरवून बाहेर काढा, आणि पाना लावून पुढे रेटायचा मोह आवरा. माझी उमेदवारी टूलरूममध्ये गेली. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकाशी जबरदस्ती केली की आटे कसे चूर होऊन येतात, ते तिथे रोजचंच होतं. तुमचं भोक बहुधा पाव इंची आहे, म्हणजे आमच्या भाषेत दोन सूत, इंचाला 20 आटे. 6 मिमीच्या बोल्टचे आटे 1 मिमीवर असतात, पाव इंचीचे 1.27 मिमीवर. पहिला फेरा खपून जातो, तिसऱ्याला फरक पाऊण मिलिमीटरपलीकडे जातो आणि बोल्ट जाम होतो.

खात्री करायला दुकानात जायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवरच्या प्लेटचा स्क्रू सोडवा आणि बोटांनी भोकात फिरवा. तो दोन सुताचाच असतो. शेवटपर्यंत लोण्यासारखा गेला तर प्रश्न मिटला. तोंडाशीच अडला तर भोक 6 मिमीचं असू शकतं. मग आधीच्या बोल्टने आटे खराब झालेत का, ते भिंगातून बघा. नवे आटे पाडायची वेळ त्यानंतरची. मुंबईला चक्कर झाली तर नागदेवी स्ट्रीटवर दोन सुताचे अ‍ॅलन बोल्ट हव्या त्या लांबीत मिळतील. दुकानदाराने व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा) दिला तरी चालेल, त्यालाही इंचाला 20 च आटे.

लांबी मात्र मोजून घ्या. कित्येक कड्यांचं भोक आरपार असतं. बोल्ट लांब निघाला तर आतलं फेल्ट फाडून त्याचं टोक नळीच्या पातळ पत्र्याला पोचा पाडतं. कडी नळीवरून उतरवा, व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने भोकाची खोली घ्या, त्यात कडीवर जी पट्टी किंवा प्लेट बसवाल तिची आणि वॉशरची जाडी मिळवा आणि एक-दीड मिमी कमी धरा.

आता काय कशावर बसवायचं. 50 मिमी लेन्सचा कॅमेरा एकाच कडीवरच्या स्क्रूवर खुशाल लावा. 4 मायक्रॉनच्या पिक्सेलला त्या लेन्समधून साधारण 16 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) आकाश येतं, तिथे थोडी हालचाल खपते. त्याच पिक्सेलला तुमच्या मुख्य नळीतून 1.1 विकलाच मिळते. आणि 100 मिमी लांबीच्या आधाराचं एक टोक शतांश मिलिमीटर जरी हललं, तरी दिशा 20 विकला फिरते! एका स्क्रूवर तोललेली गाइड-दुर्बीण रात्रभर एवढी सहज कलते. मग गाइडिंगचा आलेख सरळ रेघ दाखवत राहतो आणि फोटोत तारे लांबट. लोक माउंटच्या नावाने बोटं मोडतात, दोष असतो त्या बोल्टचा.

म्हणून गाइड-दुर्बिणीसाठी दोन्ही कड्यांच्या डोक्यांवर एकच 10-12 मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टाका आणि तिच्यावर सगळं बसवा. पट्टीत एका बाजूला गोल भोक, दुसऱ्या बाजूला लांबट गाळा ठेवा, म्हणजे कड्यांमधलं अंतर जुळवता येईल. कसायचा क्रमही महत्त्वाचा. नळी कड्यांत बंद ठेवा, खालच्या डोव्हटेलचे (कड्या माउंटला जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट किंचित सैल करा, वरची पट्टी कसा, मग खालचे बोल्ट. उलट केलंत तर कड्या तिरक्या ओढल्या जातात. पट्टी आली की दोन्ही कड्या एकदमच उघडाव्या लागतील. त्या वेळी नळी आडवी ठेवा, नाहीतर सटकेल.

नळीला भोकं अजिबात पाडू नका. धातूचा कीस आतल्या आरशावर पडतो हे एक. शिवाय सामान कड्यांवर असलं की आयपीस (डोळा लावायचं भिंग) सोयीच्या बाजूला आणायला नळी आत फिरवता येते, वरचं काही हलत नाही. नळीवरच जोडलंत तर ही सोय गेली.

तोल नव्याने साधा, आणि तो दोनदा तपासा. नळी आडवी असताना तोल जमला म्हणून ती आकाशाकडे केल्यावर जमेलच असं नाही, कारण डोक्यावरचं वजन नळीच्या मध्यापासून वर असतं. सामान जितकं नळीला चिकटून बसेल तितकं बरं. उंच स्टँड टाळा.

मालवणची खारी हवा म्हणून एक जास्तीची सूचना : स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये महिनोन्‌महिने राहिला तर गंजून धरून बसतो. आट्यांना बोटभर ग्रीस लावा आणि पावसाळ्याआधी सगळे बोल्ट एकदा सोडवून ठेवा.