वीज गेली तरी गणना पहिल्यापासून का करावी?

प्रश्न : मी सोलापुरात रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी घरच्या संगणकावर ग्रोमॅक्स ही रेणूंच्या हालचालींची गणना करणारी आज्ञावली वापरून, कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम या प्रथिनाचे पाण्यातील १० नॅनोसेकंदांचे सिम्युलेशन करत आहे. आमच्या भागात अधूनमधून वीज जाते आणि दर वेळी मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय ‘ग्रॉम्प’ ही आज्ञा ‘इशारे फार झाले’ असे सांगून थांबत होती; मैत्रिणीच्या सल्ल्याने ‘मॅक्सवॉर्न’ हा पर्याय जोडल्यावर काम पुढे सरकले. यात काही चुकले का?

उत्तर : दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण वीज गेल्याने फक्त वेळ जातो, इथे मात्र निकालच संशयास्पद होतो. ग्रॉम्प ही आज्ञा रेणूची रचना, बलांचे वर्णन आणि तुम्ही ठरवलेली परिमाणे एकत्र तपासून गणनेसाठी एकच ‘टीपीआर’ फाइल बांधते. ‘मॅक्सवॉर्न’ने तिच्या इशाऱ्याचे कारण दूर होत नाही, तिचे तोंड तेवढे बंद होते. इशाऱ्याचा मजकूर तुम्ही कळवलेला नाही, परंतु लायसोझाइमच्या बाबतीत तो बहुधा विद्युतभाराचा असतो. १२९ अमिनो आम्लांच्या या प्रथिनावर उदासीन सामूला एकूण +८ भार असतो. सिम्युलेशनमधील पाण्याची पेटी सोलापुरी चादरीवरच्या नक्षीसारखी चहूकडे, आणि वरखालीही, पुन्हा पुन्हा मांडलेली आहे असे गणित धरून चालते. त्यामुळे एका पेटीत उरलेला भार प्रत्येक प्रतिकृतीत उरतो आणि दूरवरच्या विद्युतबलांचा हिशेब बिघडू शकतो.

उपाय सोपा आहे. ‘जेनआयन’ या आज्ञेला ‘न्यूट्रल’ हा पर्याय दिला, की पाण्याचे आठ रेणू काढून त्यांच्या जागी प्रत्येकी -१ भाराचे आठ क्लोराइड आयन बसवले जातात. कोणत्या गटातील रेणू बदलायचे, असे ती विचारते, तेव्हा पाण्याचा गटच निवडावा; घाईत प्रथिनाचा क्रमांक दाबला गेला तर आयन प्रथिनालाच पोखरू लागतात. तसेच ‘पी’ या पर्यायाने टोपोलॉजीची, म्हणजे पेटीत कोणते रेणू किती आहेत याच्या वर्णनाची, फाइल द्यायला विसरू नये, नाहीतर पुढच्या ग्रॉम्पला अणूंची संख्या जुळत नाही. जेनआयनलाही एक टीपीआर लागते आणि ती बांधताना हा भाराचा इशारा येऊ शकतो. तेवढ्यापुरता तो मागे टाकला तरी चालतो, कारण त्या फाइलवर सिम्युलेशन चालवायचे नसते. आयन घातल्यानंतरही इशारा आला, तर मात्र थांबून तो अक्षर न् अक्षर वाचावा.

आता विजेकडे वळू. गणना काळात छोट्या छोट्या पावलांनी पुढे जाते. दोन फेम्टोसेकंदांचे (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) पाऊल धरले, तर तुमचे १० नॅनोसेकंद म्हणजे ५० लाख पावले होतात. ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष गणना चालवणारी ‘एमडीरन’ ही आज्ञा दर १५ मिनिटांनी ‘सीपीटी’ या चेकपॉइंट फाइलमध्ये अणूंच्या जागा आणि वेग नोंदवून ठेवते. वीज आल्यावर तीच आज्ञा द्यावी, फक्त ‘सीपीआय’ या पर्यायापुढे त्या फाइलचे नाव लिहावे. गणना तिथून पुढे सुरू होते आणि निष्पत्ती जुन्या फाइलींनाच जोडली जाते. लिहिता लिहिताच वीज गेल्याने ती फाइल खराब झाली असेल, तर शेजारी ‘प्रीव्ह’ हे शेपूट असलेली आधीची प्रत असते. वीज वारंवार जात असेल, तर ‘सीपीटी’ याच नावाच्या पर्यायापुढे ५ लिहून दर पाच मिनिटांनी नोंद करवून घेता येईल. भारनियमनाची वेळ आधीच ठाऊक असेल, तर ‘मॅक्सएच’ला तास सांगावेत, ती वेळ भरत येताच आज्ञा चेकपॉइंट लिहून स्वतःहून थांबते.

मधल्या काळात लॉगची, म्हणजे गणनेच्या नोंदींची, फाइल उघडून त्यात काही बदलू नका. पुढे जोडण्याआधी जुन्या फाइली चेकपॉइंटमधील नोंदीशी ताडून पाहिल्या जातात आणि फरक आढळल्यास जोडणी नाकारली जाते. तुम्ही पहिल्यापासून चालवलेल्या प्रयत्नांमुळे फोल्डरमध्ये नावाच्या दोन्ही टोकांना # चिन्ह असलेल्या फाइली साचल्या असतील. त्या ग्रोमॅक्सने राखून ठेवलेल्या जुन्या प्रती आहेत, परंतु तेव्हा आयन घातलेले नसतील, तर त्यांतील मार्गक्रमण (अणूंच्या हालचालींची नोंद) अंतिम विश्लेषणात घेऊ नका.