मुलगा पाचवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात नापास झालाय. त्याला त्याच वर्गात ठेवतील का? आता काय करावं?

लगेच नाही ठेवणार, ताई. आधी फेरपरीक्षा होते. तुम्ही लिहिलंय की घरचे 'दाखला काढून दुसऱ्या शाळेत घालू' म्हणताहेत. तसं अजिबात करू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो, म्हणून आधी नियम सांगतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवता येत नव्हतं. 2019 मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीपुरता निर्णय राज्यांवर सोडला गेला, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात 2023 मध्ये तसा नियम आला. वार्षिक परीक्षेत मूल कमी पडलं, तर शाळेने त्याला जादा शिकवायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही राहिलं तरच त्याच वर्गात थांबवता येतं. तेव्हाही आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

आता खरा मुद्दा. गणितात नापास म्हणजे नेमकं काय येत नाही, ते शोधा. त्याला 52 वजा 37 करायला द्या. बरीच मुलं उत्तर 25 लिहितात. 2 मधून 7 जात नाहीत, मग ती उलट 7 मधून 2 काढतात. हे मूल आळशी नाही की ढ नाही. एक दशक सोडला की दहा सुटे मिळतात, एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं नाही. हा भाग दुसरीतला आहे. त्यावर पाचवीचे अपूर्णांक आणि भागाकार कितीही घोकून घेतले तरी टिकत नाहीत. आगपेटीच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा, आणि त्यालाच गठ्ठा सोडून 37 काढायला लावा. रोज अर्धा तास पुरे, पण काड्या त्याच्या हातात हव्यात, तुमच्या नाही.

सोबत दुसरीच्या पुस्तकातला एखादा धडा मोठ्याने वाचून घ्या. अडखळत असेल तर शाब्दिक उदाहरणं तिथेच अडतात. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला होता. म्हणजे तुमचा मुलगा एकटा नाही, आणि गाडी पाचवीत रुळावरून घसरलेली नाही, आधीच घसरली होती. मला या परीक्षेचं दुखणं वाटतं ते हेच. कळतं, पण तीन वर्षं उशिरा. आणि त्याच वर्गात, तेच पुस्तक, त्याच पद्धतीने पुन्हा शिकवलं तर मूल फक्त वयाने वाढतं. तिसरीतच प्रत्येक मुलाची अशी पडताळणी व्हायला हवी, आणि त्यासाठी शिक्षकाला सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून वेळ मिळायला हवा.

वर्गशिक्षकांना उद्याच भेटा. 'किती गुण पडले' हे विचारू नका, 'कुठली क्रिया येत नाही' ते विचारा. उत्तरपत्रिका दाखवायला सांगा. जादा तासिका कधी आहेत आणि फेरपरीक्षेची तारीख काय, हे लिहून घ्या. फेरपरीक्षा होईपर्यंत पाचवीचं गाइड बाजूला ठेवलंत तरी चालेल, आणि शेजारच्या मुलांसमोर 'नापास' हा शब्द त्याच्यासाठी कुणी वापरणार नाही, एवढं घरच्यांना ठणकावून सांगा.